व्यावसायिक रग्बी सामन्यात बॉल बॉय किंवा बॉल गर्ल कसे व्हावे : अर्जापासून शेवटच्या शिट्टीपर्यंत

आपल्या मुलाला किंवा मुलीला व्यावसायिक रग्बी सामन्यात टचरेषेबाहेर (मैदानाच्या लांब बाजूच्या रेषेबाहेर) चेंडू घेऊन उभे राहायला मिळावे, अशी इच्छा असलेले पालक बहुधा दोन ठिकाणी चुकतात. पहिली चूक अर्जाची असते. हंगाम अर्ध्यावर आला असताना, ज्या कार्यालयाचा या कामाशी थेट संबंध नसतो तेथे पत्र पाठवले जाते आणि उत्तर आले नाही म्हणून प्रयत्न सोडून दिला जातो. दुसरी चूक तयारीची असते. मुलाला धावण्याचा आणि चेंडू झेलण्याचा भरपूर सराव दिला जातो, पण चेंडूला हात केव्हा लावायचा नाही हे कोणी शिकवत नाही. रग्बीत दुसरी चूक अधिक महागात पडते, म्हणून या लेखात तिला सर्वांत जास्त जागा दिली आहे.

टप्पा 1 : अर्ज नेमका कशासाठी, ते ठरवा

सामन्याच्या दिवशी मैदानावर दिसणारी सगळी मुले एकच काम करत नसतात. कर्णधाराचा हात धरून मैदानात येणारे मूल मॅस्कॉट असते. त्याचे काम काही मिनिटांत संपते, छायाचित्र निघते आणि ते पालकांजवळ जाऊन बसते. संघांच्या आगमनाच्या वेळी झेंडे घेऊन रांगेत उभी राहणारी मुले वेगळी असतात. बॉल बॉय किंवा बॉल गर्ल मात्र 40 मिनिटांच्या दोन डावांत आणि वाढलेल्या प्रत्येक मिनिटात आपल्या जागेवर असावी लागते. मॅस्कॉटची संधी अनेक क्लब शुल्क घेऊन देतात; बॉल बॉयचे काम हे विकत घेण्याचे काम नव्हे. ही दोन नावे अर्जात एकमेकांच्या जागी लिहिली गेली, की पत्र चुकीच्या विभागात जाते आणि तेथेच राहते.

अर्ज करण्यापूर्वी मुलाशी मोकळेपणाने बोलावे. या कामात सामना नीट पाहायला मिळत नाही, कारण डोळे सतत चेंडू, साहाय्यक पंचाचा झेंडा आणि आपल्या वाट्याची रेषा यांच्यावर ठेवावे लागतात. आवडत्या संघाने ट्राय केली, म्हणजे गोलरेषेपलीकडे चेंडू टेकवून गुण मिळवले, तरी उडी मारता येत नाही. पाऊस आला तरी आडोसा मिळत नाही.

*तपासणी :* हे सगळे ऐकल्यानंतरही मुलाचा उत्साह टिकून असेल, तरच पुढे जावे. हौस केवळ पालकांची असेल, तर ती पहिल्या थंड संध्याकाळीच उघडी पडते.

टप्पा 2 : योग्य दार ठोठवा

व्यावसायिक क्लब सहसा अनोळखी मुलांच्या अर्जांतून एकेक नाव निवडत बसत नाहीत. त्यांचा कनिष्ठ किंवा समाजसंपर्क विभाग परिसरातील संलग्न कनिष्ठ क्लबांना आणि शाळांना विचारतो, तेथील प्रशिक्षक नावे सुचवतात आणि अनेकदा एका सामन्याची जबाबदारी एकाच वयोगटाच्या संपूर्ण संघावर सोपवली जाते. याचे कारण व्यवहाराचे आहे. प्रशिक्षक मुलांना ओळखतो, मुले एकमेकांना ओळखतात, खेळाचे नियम त्यांना ठाऊक असतात आणि त्यांच्यासोबत येणाऱ्या प्रौढांची पडताळणी आधीच झालेली असते.

म्हणून क्रम असा ठेवावा.

1. मूल एखाद्या कनिष्ठ रग्बी क्लबात किंवा शाळेच्या संघात नोंदणीकृत नसेल, तर प्रथम ती नोंदणी करावी.
2. त्या संघाच्या प्रशिक्षकाला किंवा व्यवस्थापकाला हंगाम सुरू होण्यापूर्वी भेटून, आपल्या क्लबाला अशी निमंत्रणे येतात का, हे विचारावे आणि मुलाचे नाव यादीत घालावे.
3. तेथून मार्ग नसेल, तरच व्यावसायिक क्लबाच्या कनिष्ठ विभागाला लिहावे. काही क्लब आपल्या बालसदस्यांतून किंवा खुल्या आवाहनातून मुले निवडतात, त्यामुळे क्लबाच्या अधिकृत सूचनांवर लक्ष ठेवावे.
4. राष्ट्रीय संघटनेला पत्र लिहिणे हा शेवटचा उपाय मानावा. आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठीही मुले बहुधा क्लब आणि शाळा यांच्यामार्फतच घेतली जातात.

येथे एक साधी गोष्ट हमखास विसरली जाते. बॉल बॉयची व्यवस्था यजमानांकडे असते. आपला आवडता संघ परगावी खेळणार असेल, तर त्या सामन्यासाठी आपल्या संघाच्या कार्यालयाला कितीही पत्रे लिहिली तरी त्यांच्या हातात काही नसते.

पहिल्याच प्रयत्नात सर्वांत मोठ्या सामन्यावर डोळा ठेवणेही शहाणपणाचे नाही. महिला संघाचे सामने, राखीव संघाचे सामने आणि हंगामापूर्वीचे सरावसामने यांनाही चेंडू आणून देणारी मुले लागतातच. तेथे इच्छुकांची गर्दी कमी असते आणि चुकून शिकायला थोडी उसंत मिळते. माझ्या मते, खेळ समजण्यासाठीही तीच जागा अधिक चांगली आहे.

*इशारा :* बॉल बॉयची जागा मिळवून देतो असे सांगून पैसे मागणाऱ्या, किंवा मुलाची छायाचित्रे आणि वैयक्तिक माहिती खासगी संदेशातून मागणाऱ्या व्यक्तीला उत्तर देऊ नये. क्लब अशी माहिती आपल्या अधिकृत पत्त्यावर आणि पालकाकडूनच घेतो.

टप्पा 3 : अर्ज आणि कागदपत्रे

अर्ज अर्ध्या पानाचा पुरतो. मुलाचे नाव, जन्मतारीख, कनिष्ठ क्लब, वयोगट, तेथे किती काळ खेळते, कोणत्या तारखांना उपलब्ध आहे आणि ने-आण कोण करणार, एवढे त्यात असावे. वयाची किमान आणि कमाल अट प्रत्येक आयोजक स्वतः ठरवतो, त्यामुळे जन्मतारीख पहिल्या दोन ओळींतच लिहावी. मुलाने किती ट्राय केल्या, याचा येथे काही उपयोग नाही. सर्वांत घातक वाक्य म्हणजे ‘आमचे मूल तुमच्या संघाचे कट्टर चाहते आहे’, कारण आयोजक शोधत असतात ते दोन्ही संघांना सारख्याच तत्परतेने चेंडू देणारे मूल.

निवड झाल्यावर पालकांचे लेखी संमतिपत्र, चित्रीकरण आणि छायाचित्रणाची संमती, दमा किंवा ॲलर्जीसारखी वैद्यकीय माहिती, तातडीच्या संपर्काचे क्रमांक आणि सामन्यानंतर मुलाला नेण्याचा अधिकार कोणाला आहे त्याची नोंद, अशी कागदपत्रे मागितली जातात. सामन्यांचे थेट प्रक्षेपण होत असल्यामुळे चित्रीकरणाच्या संमतीचा प्रश्न शेवटच्या दिवसावर ढकलू नये. मुलाचा चेहरा पडद्यावर दिसू नये असे काही कौटुंबिक कारण असेल, तर ते आयोजकांना आधीच सांगावे; मैदानावर पोहोचल्यावर त्यावर तोडगा निघत नाही.

*तपासणी :* संमतिपत्रावरील नाव, जन्मतारीख आणि मुलाला नेणाऱ्या व्यक्तीचे नाव पुन्हा वाचावे. न्यायला आलेली व्यक्ती नोंदीत नसेल, तर मुलाला तिच्या स्वाधीन केले जात नाही, आणि ते योग्यच आहे.

टप्पा 4 : चेंडूला हात कधी लावायचा नाही

चेंडू टचमध्ये, म्हणजे टचरेषेबाहेर, गेल्यावर खेळ दोन प्रकारे पुन्हा सुरू होऊ शकतो. एक म्हणजे नेहमीचा लाइनआउट. दोन्ही संघांचे खेळाडू रांगा करून उभे राहतात आणि बहुधा हुकर (पुढच्या फळीतला मधला खेळाडू) चेंडू आत फेकतो. दुसरा प्रकार जलद थ्रोचा. लाइनआउट तयार होण्यापूर्वीच खेळाडू चेंडू उचलतो आणि लगेच आत फेकतो. या जलद थ्रोला नियमाने कडक अट आहे : जो चेंडू टचमध्ये गेला तोच वापरला पाहिजे, आणि फेकणारा खेळाडू किंवा चेंडू घेऊन टचमध्ये गेलेला प्रतिस्पर्धी यांच्याखेरीज दुसऱ्या कोणाचाही त्याला स्पर्श झालेला नसावा. बॉल बॉयने तो नुसता थोपवला, तरी जलद थ्रोचा हक्क संपतो. मदत करायच्या भरात मूल एका संघाचे आक्रमण थांबवून बसते आणि त्याला ते कळतही नाही.

उलट बाजूची चूक त्याहून गंभीर ठरू शकते. हातातला राखीव चेंडू घाईने पुढे केला आणि खेळाडूने तोच वापरून जलद थ्रो घेतला, तर तो थ्रो बेकायदेशीर असतो. 12 मार्च 2011 रोजी कार्डिफ येथे झालेल्या वेल्स विरुद्ध आयर्लंड या सिक्स नेशन्स (युरोपातील सहा देशांची वार्षिक स्पर्धा) सामन्यात नेमके हेच घडले. वेल्सच्या मॅथ्यू रीसने बॉल बॉयकडून मिळालेल्या दुसऱ्या चेंडूने जलद थ्रो घेतला आणि माइक फिलिप्सने त्यावर ट्राय केली. पंच जोनाथन कॅप्लन यांनी साहाय्यक पंचाला विचारले, चेंडू तोच असल्याचे उत्तर मिळाले आणि ट्राय मान्य झाली. वेल्सने तो सामना 19-13 असा जिंकला. दोष त्या मुलाचा नव्हता, कारण नियम पाळण्याची जबाबदारी खेळाडू आणि पंच यांची असते. तरीही चेंडू क्षणभर हातातच राहिला असता तर वाद निर्माणच झाला नसता.

म्हणून मुलाला पुढील क्रम तोंडपाठ करून द्यावा.

1. चेंडू रेषेबाहेर जाताच जागेवर थांबावे आणि प्रथम खेळाडूंकडे पाहावे. चेंडूकडे नंतर.
2. एखादा खेळाडू त्या चेंडूच्या दिशेने धावत असेल, तर दोन पावले मागे सरकून वाट मोकळी करावी आणि दोन्ही चेंडूंपासून हात दूर ठेवावेत; म्हणजे बाहेर गेलेल्या चेंडूला शिवू नये आणि राखीव चेंडू पुढे करू नये.
3. कोणी धावत नसेल, साहाय्यक पंच झेंडा वर धरून थ्रोच्या जागी उभा असेल आणि खेळाडू रांगा धरू लागले असतील, तरच राखीव चेंडू द्यावा.
4. साहाय्यक पंच मोकळ्या हाताने ज्या संघाकडे निर्देश करतो, त्याच संघाला चेंडू द्यावा. जो खेळाडू जोरात हात पुढे करतो त्याला नव्हे.
5. राखीव चेंडू दिल्यावर मगच बाहेर गेलेला चेंडू उचलून आणावा, म्हणजे हातात पुन्हा एक राखीव चेंडू राहतो.

‘जो संघ चेंडू बाहेर मारतो, थ्रो नेहमी दुसऱ्या संघाचा’ असे मुलांना सोपे करून सांगितले जाते, आणि तेथेच गोंधळ होतो. पेनल्टीवर (प्रतिस्पर्ध्यांच्या नियमभंगाबद्दल मिळालेल्या किकवर) चेंडू टचमध्ये मारला तर थ्रो मारणाऱ्याच संघाचा असतो. तसेच 50:22 च्या नियमानुसार आपल्या अर्ध्या भागातून मारलेली किक टप्पा खाऊन प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेलगतच्या 22 मीटर भागातून टचमध्ये गेली, तरीही थ्रो मारणाऱ्या संघालाच मिळतो. मुलाने हे सगळे अपवाद पाठ केलेच पाहिजेत असे नाही. पंचाचा हात पाहण्याची सवय लागली, की अपवाद आपोआप सांभाळले जातात.

*इशारा :* आयोजकांच्या चेंडू-प्रमुखाने (या मुलांवर देखरेख करणाऱ्या व्यक्तीने) वेगळी सूचना दिली, तर तीच पाळावी. काही ठिकाणी राखीव चेंडू हातात देण्याऐवजी ठरलेल्या जागी ठेवायला सांगतात, आणि त्या मैदानापुरता तोच नियम.

टप्पा 5 : सराव

व्यावसायिक सामन्यात 5 क्रमांकाचा चेंडू वापरतात. त्याची लांबी 280 ते 300 मिलिमीटर आणि वजन 410 ते 460 ग्रॅम असते. लहान वयोगटांत 3 किंवा 4 क्रमांकाचा चेंडू वापरला जात असल्यामुळे, मुलाला मोठ्या चेंडूची पकड नवी असते. सरावाला 5 क्रमांकाचाच चेंडू आणावा आणि तो मुद्दाम ओला करावा.

घरंगळत येणारा अंडाकृती चेंडू पायाने अडवण्याचा मोह सगळ्यांना होतो. पायाला लागून तो कोणत्याही दिशेला उडतो, प्रसंगी थेट मैदानात. चेंडूच्या मागे शरीर आणावे, गुडघे वाकवावेत आणि दोन्ही हातांनी तो उचलून छातीशी घ्यावा. देताना तो खालून, हलक्या हाताने, खेळाडूच्या छातीच्या उंचीवर द्यावा. पाच पावलांपेक्षा जास्त अंतर असेल तर धावत जाऊन हातात द्यावा. फिरकी देऊन लांब पास टाकण्याची हौस येथे पुरी करू नये. तसा पास हुकरच्या हातून निसटला, की सगळ्या स्टेडियमसमोर दोघांचीही शोभा होते.

निर्णयाचा सराव वेगळा घ्यावा. एका प्रौढाने चेंडू रेषेबाहेर लोटावा आणि त्याच क्षणी दुसऱ्याने एकतर चेंडूकडे धाव घ्यावी किंवा रांगेत जाऊन उभे राहावे. मुलाने फक्त ‘थांब’ किंवा ‘दे’ असे मोठ्याने म्हणून त्याप्रमाणे कृती करायची. प्रारंभी मुले जवळजवळ प्रत्येक वेळी चेंडूवर झडप घालतात. दहापैकी दहा वेळा योग्य शब्द येईपर्यंत हा खेळ चालू ठेवावा, आणि मग धावणारा खेळाडू मध्येच विचार बदलून थांबतो, अशी फसवी परिस्थिती निर्माण करावी.

याशिवाय मुलाने एखादा पूर्ण सामना टचरेषेजवळ उभे राहून, पाणी पिण्यापुरते थांबून, केवळ झेंड्याकडे लक्ष ठेवत पाहावा. एकाग्रता साधारणपणे दुसऱ्या डावाच्या मध्यावर ढळते, आणि ती कशी ढळते हे मुलाला आधी कळलेले बरे.

*तपासणी :* ओला चेंडू न सांडता उचलणे, योग्य संघाला देणे आणि लगेच आपल्या जागी परतणे, या तिन्ही गोष्टी न सांगता होत असतील, तर तयारी पुरेशी झाली.

टप्पा 6 : सामन्याच्या दिवशी

दिलेल्या वेळेच्या आधी पोहोचावे आणि प्रेक्षकांच्या प्रवेशद्वाराऐवजी पत्रात सांगितलेल्या दारानेच आत जावे. नोंद, गणवेश, जागांचे वाटप आणि सूचना असा क्रम असतो. गणवेश बहुधा आयोजक देतात, परंतु बूट आणि आतले उबदार कपडे स्वतःचे असावे लागतात. गवताला साजेसे, आधी वापरलेले बूट घालावेत. नवे बूट पहिल्या तासातच टाच सोलतात. गणवेशाच्या आतील कपड्यांवर कोणत्याही संघाचे किंवा कंपनीचे चिन्ह ठळक दिसू नये. दोन तास आधी नीट जेवण करावे आणि सूचनांपूर्वी शौचालयास जाऊन यावे, कारण मध्यंतर 15 मिनिटांपेक्षा मोठे नसते आणि त्यातही चेंडू पुसण्याचे काम निघते.

मोबाइल फोन पालकांकडे किंवा आयोजकांकडे द्यावा. खेळाडूंकडे सही मागू नये, त्यांच्यासोबत छायाचित्र काढू नये आणि खेळाडूंच्या खोल्यांकडे फिरकू नये. हे निर्बंध जाचक वाटतात, पण त्यांतील बरेचसे मुलांच्याच सुरक्षेसाठी घातलेले असतात.

सूचना चालू असताना तीन प्रश्नांची उत्तरे मिळवल्याशिवाय मुलाने उठू नये : माझी जागा नेमकी कोठून कोठपर्यंत, माझा राखीव चेंडू कोणाकडून येणार, आणि काही दुखापत झाली किंवा अडचण आली तर मी कोणाकडे पाहायचे.

टप्पा 7 : खेळ चालू असताना

*टचरेषेजवळ.* मैदानाभोवती शक्यतो किमान 5 मीटरची मोकळी पट्टी असावी, अशी नियमाची अपेक्षा आहे. मुलाने या पट्टीच्या बाहेरच्या कडेला, जाहिरातफलकांजवळ आणि मैदानाकडे तोंड करून राहावे. पूर्ण वेगात टॅकल झालेले, म्हणजे एकाने दुसऱ्याला धरून पाडलेले, दोन खेळाडू रेषा ओलांडून कित्येक मीटर घसरत येऊ शकतात. अशा वेळी चेंडूचा विचार न करता बाजूला व्हावे. मैदानाकडे पाठ करून चेंडू आणायला धावणे, ही मला दिसलेली सर्वांत धोकादायक सवय आहे. फलकामागे गेलेला चेंडू खेळ थांबल्यावर आणता येतो.

*गोलपोस्टच्या मागे.* येथे डेड बॉल रेषेच्या, म्हणजे गोलपोस्टमागील शेवटच्या रेषेच्या, बाहेरच राहावे. कन्व्हर्जन (ट्रायनंतरची जादा गुणांसाठीची किक) चुकले तर चेंडू मृत होतो, म्हणजे खेळ थांबतो; परंतु गोलवर मारलेली पेनल्टीची किक चुकून चेंडू इन-गोलमध्येच (गोलरेषा आणि डेड बॉल रेषा यांमधील भागात) पडला तर खेळ चालू असतो. दोन्ही वेळा दृश्य जवळजवळ सारखेच दिसते, म्हणून शिट्टी ऐकल्याशिवाय किंवा चेंडू डेड बॉल रेषेपलीकडे गेल्याशिवाय हालचाल करू नये. प्रेक्षकांत गेलेला चेंडू मागायला कठडा ओलांडू नये. ते काम सुरक्षा कर्मचाऱ्यांचे आहे.

*किक घेणाऱ्याजवळ.* गोलवर मारायच्या पेनल्टीच्या किकसाठी 60 सेकंदांची मर्यादा आहे, म्हणून चेंडू लवकर आणि कोरडा पोहोचणे महत्त्वाचे असते. चेंडू दिल्यावर किक घेणाऱ्याच्या दृष्टिरेषेतून बाहेर यावे आणि स्तब्ध उभे राहावे. टी (किकसाठी चेंडू उभा ठेवण्याचा आधार) नेण्याचे काम अनेकदा संघाचा कर्मचारी करतो. ते मुलाकडे असेल तर सूचनांच्या वेळीच स्पष्ट सांगितले जाते.

*इशारा :* खेळ चालू असताना दुसरा चेंडू मैदानात जाता कामा नये. हातात दोन चेंडू असतील तर एक पायांच्या मागे, फलकाला टेकवून ठेवावा. आणि यजमान संघ आघाडीवर असताना पाहुण्या संघाला चेंडू सावकाश देण्याचा सल्ला कोणी दिला, तो प्रौढ असला तरी, मानू नये.

चूक झालीच तर हातवारे करून खुलासा देऊ नये. पंच काय ते ठरवतील; मुलाने जागेवर परतून पुढच्या चेंडूकडे लक्ष द्यावे. खेळाडू रागाने काही बोलला तर उत्तर न देता मध्यंतरात प्रमुखाला सांगावे.

टप्पा 8 : 80 मिनिटांनंतर

घड्याळात 80 मिनिटे दिसली की काही मुले जागा सोडून मैदानाबाहेर नेणाऱ्या बोगद्याकडे निघतात. रग्बीत वेळ संपल्यानंतर चेंडू मृत होईपर्यंत खेळ चालू राहतो, आणि त्या वेळात पेनल्टी मिळालेला संघ चेंडू टचमध्ये मारून लाइनआउटही घेऊ शकतो. म्हणजे घड्याळ संपल्यानंतरही एक चेंडू द्यावा लागण्याची शक्यता असते, आणि सामन्याचा निकाल नेमका त्याच थ्रोवर अवलंबून असू शकतो. पंचाची शेवटची शिट्टी होईपर्यंत कोणीही हलू नये.

त्यानंतर आपल्या भागातील चेंडू गोळा करून, पुसून, मोजून प्रमुखाच्या स्वाधीन करावेत. एकही कमी असेल तर तसे लगेच सांगावे. चेंडू आठवण म्हणून घरी नेण्याची परवानगी गृहीत धरू नये. गणवेश परत करायचा आहे की ठेवायचा आहे हे विचारावे, नोंदवहीत बाहेर जाण्याची वेळ लिहावी आणि ठरलेल्या जागी, नोंदीत असलेल्या व्यक्तीसोबतच बाहेर पडावे. आठवडाभरात प्रशिक्षकाला आणि क्लबाच्या संबंधित विभागाला दोन ओळींचे आभारपत्र पाठवावे व त्यातच पुढील हंगामातील मोकळ्या तारखा कळवाव्यात, कारण ऐनवेळी एखादे मूल आजारी पडले की आयोजक प्रथम जुन्या यादीतल्याच नावांना फोन करतात.